विद्यापीठाच्या परिसरात करोना प्रतिपिंडांचे प्रमाण कसे मोजावे

विद्यापीठातील किती जणांना करोना होऊन गेला, या प्रश्नाचे उत्तर आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत मिळत नाही. ज्यांना त्रास झाला, ज्यांनी चाचणी करून घेतली आणि ज्यांनी तिचा निकाल कळवला, तेवढेच लोक त्या वहीत येतात. विशीतल्या मुलामुलींना तर अनेकदा दोन दिवस घसा धरण्यापलीकडे काही होत नाही, त्यामुळे त्यांच्यातील बहुतेक संसर्ग नोंदीबाहेरच राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे-जून २०२० मध्ये केलेल्या पहिल्या राष्ट्रीय सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्त तपासून केलेल्या पाहणीत, एका नोंदलेल्या रुग्णामागे ८२ ते १३० संसर्ग झाले असावेत असा अंदाज निघाला होता. ऑगस्ट-सप्टेंबरमधील दुसऱ्या फेरीत, चाचण्या वाढल्यानंतर, तोच आकडा २६ ते ३२ वर आला. ही दरी मोजायची असेल, तर लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने (अँटिबॉडीज), तपासण्याला पर्याय नाही. मात्र ते काम नीट झाले तरच त्याचा उपयोग होतो, आणि माझ्या मते ते प्रयोगशाळेत बिघडते त्याहून अधिक वेळा, सुई टोचण्याच्या कितीतरी आधी, नावांची यादी करतानाच बिघडते.

प्रश्न आधी लिहून काढा

'प्रतिपिंडांचे प्रमाण' या एकाच शब्दप्रयोगात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. संसर्ग किती जणांना झाला हा एक, आणि संसर्गामुळे किंवा लशीमुळे प्रतिपिंडे किती जणांत आहेत हा दुसरा. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू होईपर्यंत या दोन्हींचे उत्तर जवळजवळ एकच होते, त्यानंतर ते राहिले नाही.

कोविशील्ड लस शरीराला विषाणूचे फक्त पृष्ठभागावरील स्पाइक प्रथिन दाखवते. त्यामुळे ती घेतलेल्या माणसाच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिड या आतील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, तर ती प्रत्यक्ष संसर्गाची खूण मानता येते. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र निष्क्रिय केलेला संपूर्ण विषाणू असल्याने त्या लशीनेही न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. परदेशातील विद्यापीठांच्या अभ्यासांत 'स्पाइक म्हणजे लस किंवा संसर्ग, न्यूक्लिओकॅप्सिड म्हणजे फक्त संसर्ग' असा सोपा नियम वापरलेला दिसतो, कारण तिथे बहुतेकांनी स्पाइकवर आधारित लशी घेतल्या होत्या. तो नियम आपल्याकडे जसाच्या तसा उचलला, तर कोव्हॅक्सिन घेतलेला प्रत्येक जण संसर्ग झालेला म्हणून मोजला जाण्याचा धोका राहतो. म्हणून प्रश्नावलीत लशीचे नाव, मात्रांची संख्या आणि तारखा विचारणे अनिवार्य समजावे, त्या शक्यतो प्रमाणपत्रावरून उतरवाव्यात, आणि विश्लेषणात कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचा गट वेगळा ठेवावा.

वेळेचाही विचार इथेच व्हायला हवा. आयजीजी, म्हणजे जास्त काळ टिकणारी प्रतिपिंडे, मोजता येण्याजोग्या पातळीला यायला साधारणपणे दोन ते तीन आठवडे लागतात. लाट ऐन भरात असताना गोळा केलेले रक्त त्या दिवसाची नाही, तर पंधरा-वीस दिवसांपूर्वीची स्थिती सांगते. उलट फार उशीर केला तर काहींची प्रतिपिंडे चाचणीच्या मर्यादेखाली घसरलेली असतात. मुंबईत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत केलेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील प्रमाण जुलै २०२० मध्ये सुमारे ५७ टक्के होते आणि ऑगस्टच्या फेरीत सुमारे ४५ टक्के. झालेला संसर्ग कोणी परत घेत नाही. अशी घट दिसली की दोन फेऱ्यांत निवडलेली माणसे वेगळी होती का आणि प्रतिपिंडे ओसरत होती का, हे दोन्ही तपासावे लागते. विद्यापीठासाठी सत्र सुरू होऊन तीन-चार आठवडे झाल्यानंतरचा, पण परीक्षांच्या आधीचा काळ सोयीचा असतो, आणि सगळे रक्त शक्य तितक्या कमी दिवसांत, दोन आठवड्यांच्या आत, गोळा व्हावे.

यादी

विद्यापीठाकडे विद्यार्थ्यांची पटनोंदणी असते, शिक्षकांची आणि कायम कर्मचाऱ्यांची आस्थापना विभागात नोंद असते, आणि या दोन याद्या जोडल्या की आपला समाज पूर्ण झाला असे वाटू लागते. प्रत्यक्षात रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, मेसमधले आचारी आणि वाढपी, वसतिगृहांच्या सफाई कामगार महिला, झेरॉक्सच्या आणि चहाच्या टपऱ्या चालवणारे, कर्मचारी निवासांत राहणारी कुटुंबे यांतले कोणीच त्या याद्यांत नसते. कंत्राटी कामगारांची नावे ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात आणि तो पट दर महिन्याला बदलतो. दिवसभरात सर्वाधिक लोकांच्या संपर्कात येणारी माणसे हीच, आणि टाळेबंदीतही ज्यांना घरून काम करता आले नाही तीही हीच. त्यांना वगळून काढलेला आकडा विद्यापीठाचा म्हणता येत नाही.

हे केवळ भावनेने लिहिलेले नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या देशभरातील प्रयोगशाळांतील कर्मचारी, विद्यार्थी आणि कुटुंबीय अशा १०,४२७ जणांची तपासणी केली, तेव्हा एकूण प्रमाण १०.१४ टक्के निघाले; मात्र कामाच्या स्वरूपामुळे ज्यांचा लोकांशी संपर्क अधिक येत होता आणि जे सार्वजनिक वाहनांनी प्रवास करत होते, त्यांच्यात ते जास्त होते. विद्यापीठासारख्या संस्थेच्या सर्वांत जवळ जाणारा हा भारतीय अभ्यास आहे आणि काम सुरू करण्याआधी तो जरूर वाचावा. अर्थात त्यातील सहभाग ऐच्छिक होता, हेही वाचताना लक्षात ठेवावे.

म्हणून पहिले दोन आठवडे केवळ यादीसाठी द्या. कुलसचिव कार्यालयातून पटनोंदणी आणि आस्थापनेची यादी घ्या, ठेकेदारांकडून चालू महिन्याचे हजेरीपट मागवा, मेस आणि टपऱ्यांवर प्रत्यक्ष जाऊन नावे लिहा, आणि निवासांतील घरे मोजा. मग या सगळ्यांचे थर पाडा: वसतिगृहात राहणारे विद्यार्थी, रोज ये-जा करणारे विद्यार्थी, शिक्षक व कायम कर्मचारी, आणि कंत्राटी कामगार व विक्रेते. कुटुंबीयांना घ्यायचे की नाही ते सुरुवातीलाच ठरवा. अर्धवट घेऊ नका. वसतिगृह हा वेगळा थर ठेवण्याला ठोस कारण आहे. पुण्यात जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि महापालिका यांच्या सहभागाने पाच प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात एकूण ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, आणि सामायिक स्वच्छतागृह वापरणाऱ्यांत हे प्रमाण स्वतंत्र स्वच्छतागृह असणाऱ्यांपेक्षा जास्त होते. वसतिगृहाचा मजला म्हणजे सामायिक स्वच्छतागृहच.

प्रत्येक थरातून नावे संगणकाने यादृच्छिक पद्धतीने काढावीत. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर 'इच्छुकांनी यावे' असा संदेश टाकणे सोपे असते, पण त्याला प्रतिसाद देणाऱ्यांत आपल्याला करोना होऊन गेला असावा अशी शंका असणारेच अधिक असतात. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी फेसबुकवर जाहिरात देऊन माणसे जमवली, आणि त्या अभ्यासावर झालेल्या टीकेचा मोठा भाग याच निवडीवर होता. निवडलेला माणूस भेटला नाही, तर शेजारच्या खोलीतल्याला त्याच्या जागी बसवू नका. तीन वेळा वेगवेगळ्या वेळी गाठण्याचा प्रयत्न करा, रात्रपाळीच्या रक्षकांसाठी सकाळी सहाला पाळी सुटताना टेबल लावा, आणि तरीही नकार आला तर वय, लिंग व थर एवढीच नोंद ठेवा. नकार देणारे आणि सहभागी यांच्यात किती फरक आहे, हे त्यावरूनच कळते.

किती जण

अपेक्षित प्रमाण २० टक्के आणि चूक अधिक-उणे ३ टक्के चालणार असेल, तर ९५ टक्के विश्वासासाठी नेहमीच्या सूत्राने ६८३ नमुने येतात. एकाच खोलीतले, एकाच मजल्यावरचे विद्यार्थी एकमेकांसारखे असतात, म्हणून ही संख्या साधारण दीडपट करावी लागते, म्हणजे सुमारे १,०२५. चारपैकी एक जण येणार नाही असे धरले, तर बोलवायची माणसे १,३६७ होतात. पण हे झाले सबंध विद्यापीठाच्या आकड्यासाठी. छोट्या थरांबद्दल काही म्हणायचे असेल तर त्यांच्यातून त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त नमुने घ्यावे लागतात. ८,००० जणांच्या विद्यापीठातील ४०० कंत्राटी कामगारांतून निव्वळ लोकसंख्येच्या प्रमाणात घेतले तर पन्नासेक येतील, आणि त्यावरून काहीच ठामपणे सांगता येणार नाही. १६० घेतले तर चूक अधिक-उणे ६ टक्क्यांच्या आसपास राहते. हा जादा वाटा नंतर गणितात दुरुस्त करता येतो, मात्र न घेतलेला नमुना नंतर निर्माण करता येत नाही.

चाचणी आणि खोटे होकार

प्रत्येक चाचणी दोन प्रकारे चुकते. प्रतिपिंडे असूनही ती न दिसणे हा संवेदनशीलतेचा प्रश्न, आणि नसताना दिसणे हा विशिष्टतेचा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विकसित केलेल्या कोविड कवच या एलायझा प्रकारच्या प्रतिपिंड चाचणीची संवेदनशीलता ९२.३७ टक्के आणि विशिष्टता ९७.९ टक्के असल्याचे प्रसिद्ध झाले आहे. ९७.९ टक्के हा आकडा ऐकायला उत्तम वाटतो. पण हजार निर्दोष नमुन्यांत तो २१ खोटे होकार देतो, आणि ज्या समाजात प्रत्यक्ष प्रमाण १ टक्का आहे तिथे खऱ्या होकारांपेक्षा खोटे होकार दुप्पट होतात. सांता क्लाराच्या अभ्यासात ३,३३० पैकी ५० जण होकारात्मक होते, म्हणजे दीड टक्का. चाचणीची खरी विशिष्टता ९८.५ टक्के असती, तर ते पन्नासच्या पन्नास खोटे असू शकले असते.

प्रमाण कमी असण्याची शक्यता असेल, तर होकार आलेल्या प्रत्येक नमुन्याची वेगळ्या प्रथिनावर आधारलेल्या दुसऱ्या चाचणीने फेरतपासणी करावी आणि दोन्हींत होकार आला तरच तो धरावा. दोन्ही चाचण्यांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर खोटे होकार जवळजवळ नाहीसे होतात, मात्र संवेदनशीलताही थोडी खाली येते आणि ती गणितात धरावी लागते. लसीकरणानंतरच्या काळात ही युक्ती जपून वापरावी, कारण तेव्हा दोन प्रथिने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

चाचणीच्या संचासोबत (किट) आलेल्या पत्रकावरील संवेदनशीलता विद्यापीठासाठी बऱ्याचदा जास्तच आशादायक असते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ती अनेकदा रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या रक्तावर ठरवलेली असते आणि त्यांच्यात प्रतिपिंडे भरपूर असतात. आपले बहुतेक सहभागी तरुण असून त्यांना सौम्य किंवा लक्षणविरहित संसर्ग झालेला असतो. त्यामुळे शक्य असेल तर आपल्याच विद्यापीठातील, आरटी-पीसीआर चाचणीने संसर्ग सिद्ध झालेल्या आणि घरीच बऱ्या झालेल्या पन्नास-शंभर जणांचे रक्त त्यांच्या संमतीने तपासून स्थानिक संवेदनशीलता काढावी, आणि विशिष्टतेसाठी २०१९ पूर्वी साठवलेले रक्तद्रव एखाद्या रक्तपेढीकडून किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडून योग्य परवानगीने मिळवावे. घरी वापरायच्या पट्टीसारख्या जलद चाचण्यांवर हे काम सोपवू नये. एलायझा किंवा केमिल्युमिनिसन्स (प्रकाशाच्या तीव्रतेवरून मोजणाऱ्या) यंत्रावरील चाचणी निवडावी, संपूर्ण सर्वेक्षणात एकच संच वापरावा, आणि एका माणसाचे सर्व फेऱ्यांतील नमुने शेवटी एकाच प्लेटवर पुन्हा चालवता येतील इतके रक्तद्रव राखून ठेवावे.

रक्त

जेल असलेल्या पिवळ्या टोपणाच्या नळीत ३ ते ५ मिलिलिटर रक्त प्रशिक्षित तंत्रज्ञाने घ्यावे, ते अर्धा तास गोठू द्यावे, सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटे फिरवून रक्तद्रव वेगळे करावे आणि दोन-तीन छोट्या कुप्यांत विभागावे. एक कुपी चाचणीसाठी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी, बाकीच्या उणे ८० अंशांत ठेवाव्यात. एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली तर प्रतिपिंडांची मोजणी बिघडते, म्हणूनच ही विभागणी. नळीवर नाव लिहू नये, बारकोड लावावा, आणि बारकोड व नाव यांची जोडणी वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. सुया आणि कापूस जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जायला हवेत, त्यासाठी आरोग्य केंद्राशी आधीच बोलणे करावे.

शिरेतून रक्त घेणे जमत नसेल, तर बोटाच्या टोकाचे थेंब गाळणकागदाच्या कार्डावर घेऊन, ते सावलीत पूर्ण सुकवून, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत ठेवता येतात. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कार्ड सुकायला वेळ लागतो, तिथे रात्रभर ठेवावे. मात्र कार्डावरच्या थेंबांसाठी चाचणीची होकार-नकाराची मर्यादा नव्याने ठरवावी लागते, रक्तद्रवासाठी ठरलेली चालत नाही.

संमती

प्रस्ताव नोंदणीकृत संस्थात्मक नैतिकता समितीकडे नेल्याशिवाय एकही थेंब घेऊ नये. विद्यापीठात सत्तेची उतरंड असते, म्हणून इथे नेहमीपेक्षा जास्त काळजी लागते. मार्गदर्शकाने आपल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याची, वॉर्डनने वसतिगृहातील मुलीची किंवा ठेकेदाराने आपल्या कामगाराची संमती मागितली, तर तिला संमती म्हणता येत नाही. ती बाहेरच्या, त्या माणसावर कसलाही अधिकार नसलेल्या व्यक्तीने, त्याला समजेल अशा मराठीत किंवा हिंदीत, एकांतात मागावी. हजेरी, गुण, खोली किंवा काम यांच्याशी सहभागाचा काहीही संबंध नाही, हे कागदावर लिहिलेले असावे. अठरा वर्षांखालील विद्यार्थी असतील, तर पालकांची संमती आणि स्वतः विद्यार्थ्याचा होकार दोन्ही हवेत. प्रत्येकाला त्याचा निकाल खासगीत कळवावा, आणि चाचणीतील होकार म्हणजे पुन्हा संसर्ग होणार नाही याची हमी नव्हे, तसेच चाचणीतील नकार म्हणजे संसर्ग झालाच नव्हता असेही नव्हे, हे त्याच वेळी समजावून सांगावे. प्रशासनाकडे नावांसह निकाल कधीही जाता कामा नयेत.

गणित

समजा, ८,००० जणांच्या एका विद्यापीठात ये-जा करणारे ५,००० विद्यार्थी, वसतिगृहातील २,०००, शिक्षक व कायम कर्मचारी ६०० आणि कंत्राटी कामगार ४०० आहेत. त्यांतून अनुक्रमे ३००, ३००, १५० आणि १६० जण तपासले आणि ७५, १२०, ३० व ८८ होकार आले. नुसती बेरीज करून भागले, तर ९१० पैकी ३१३, म्हणजे ३४.४ टक्के. पण आपण छोटे थर मुद्दाम जास्त घेतले होते. प्रत्येक थराचे प्रमाण, म्हणजे २५, ४०, २० आणि ५५ टक्के, त्या थराच्या खऱ्या संख्येने गुणून एकत्र केले, की २९.९ टक्के निघतात. साडेचार टक्क्यांचा हा फरक निव्वळ भार न दिल्याचा आहे.

त्यानंतर चाचणीच्या चुकांची दुरुस्ती येते. रोगन आणि ग्लॅडन या संशोधकांनी १९७८ मध्ये दिलेले सूत्र साधे आहे (टक्के दशांशात धरा, म्हणजे २९.९ टक्के म्हणजे ०.२९९): दिसलेल्या प्रमाणात विशिष्टता मिळवून त्यातून एक वजा करा, आणि येणाऱ्या संख्येला, संवेदनशीलता व विशिष्टता यांच्या बेरजेतून एक वजा करून जे उरते, त्याने भागा. कोविड कवचचे आकडे घातले, तर २९.९ टक्क्यांचे ३०.८ टक्के होतात, म्हणजे फारसे काही बदलत नाही. हीच दुरुस्ती दिसलेल्या ३ टक्क्यांना लावली तर मात्र हाती केवळ १ टक्का उरतो, आणि २ टक्क्यांना लावली तर उत्तर शून्याखाली जाते. शून्याखालचे उत्तर हे सूत्राचे अपयश नाही. तो आकडा त्या चाचणीच्या आवाक्याबाहेर आहे, असे ते स्पष्ट सांगत असते. शेवटच्या विश्वास-अंतरालात, म्हणजे खरे प्रमाण ज्या दोन मर्यादांच्या मधे असावे त्या पट्ट्यात, नमुन्याची अनिश्चितता असावीच, शिवाय संवेदनशीलता आणि विशिष्टता यांचीही असावी, कारण तीही काही शे नमुन्यांवरूनच ठरवलेली असतात. बूटस्ट्रॅप किंवा बेझियन या संख्याशास्त्रीय पद्धतींनी हे एकत्र करता येते, आणि संख्याशास्त्र विभागातील सहकाऱ्यांना या टप्प्यावर नाही, तर पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे.

आज कोणी नव्याने असे सर्वेक्षण करणार असेल, तर 'किती जणांत प्रतिपिंडे आहेत' या प्रश्नात फार अर्थ उरलेला नाही. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणातच प्रमाण ६७.६ टक्के होते, आणि ओमायक्रॉननंतर ते जवळजवळ सर्वांत आढळणे अपेक्षितच आहे. आता त्याच माणसांचे रक्त सहा-सहा महिन्यांनी घेऊन त्यांच्या प्रतिपिंडांची पातळी किती चढली किंवा उतरली हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण दोन नमुन्यांमध्ये चौपट वाढ आढळली आणि मधल्या काळात लस घेतलेली नसली, तर मधे संसर्ग झाला असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. त्यासाठी पहिल्या फेरीतील उणे ८० अंशांतल्या कुप्या, त्यांच्या बारकोडची फाइल आणि पुन्हा संपर्क साधण्याची लेखी परवानगी या तीन गोष्टी जागेवर असायला हव्यात.

अहवालात थरनिहाय प्रमाण, अंतराल, प्रतिसादाचे प्रमाण, संचाचे नाव आणि रक्त गोळा केल्याच्या तारखा द्याव्यात, आणि तो संकेतस्थळावर चढवण्याआधी ज्या मेसमध्ये, सुरक्षा चौकीत आणि वसतिगृहात रक्त घेतले तिथे जाऊन, एक पानी मराठी व हिंदी सारांश हातात देऊन, वाचून दाखवावा. रात्रपाळीच्या रक्षकांसाठी त्याचीही वेळ सकाळी सहाचीच ठेवावी.